ठाणे अंमलदार

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये
टायरच्या एका रिकाम्या गोदामात
त्यांनी आपल्याकडचं पोलीस ठाणं उभं केलंय.
प्लायवूडची कोठडी, थर्मोकोलचा दगड,
कोपऱ्यात पानाची पिंक,
ती मात्र हुबेहूब,
केरळच्या सिजोने ब्रशने उडवलेली.
मी रात्रीचा वॉचमन.
आठ ते आठ, बाराशे दिरहम
आणि गेटवर एक पंखा,
जो गरम हवाच इकडची तिकडे करतो.

हिरो इन्स्पेक्टर आहे.
दाढी वाढलेली, डोळे लाल, ड्रॉवरमध्ये बाटली.
शारजात दारू चालत नाही,
म्हणून बाटलीत सुलेमानी चहा, गार केलेला.
एका घोटात संपवतो आणि ग्लास भिंतीवर फेकतो.
काचा मी गोळा करतो.
साखरेच्या असतात.
मुंग्या लागतात.

बायको सोडून गेलीय त्याची, मुलीला घेऊन.
तो खिडकीशी उभा राहतो
तेव्हा बाहेर टँकरचा पाऊस पडतो,
समुद्राचं मीठ काढून गोडं केलेलं पाणी,
तासावर भाडं.
तो रडत नाही. नुसता जबडा हलतो.
मग आत येऊन चार जणांना बडवतो
आणि कॅमेऱ्यामागचे सगळे टाळ्या वाजवतात.

कुणीतरी त्याला सांगितलं, म्हातारा खात्यात होता.
बावीस वर्षं, हेड कॉन्स्टेबल, बक्कल नंबर अकराशे सोळा.
बोलावलं. खुर्ची दिली.
"अंकल, आतून कसं असतं? ते दुःख?"
मी म्हटलं, साहेब, पाय दुखतात.
बंदोबस्तात लघवीला जायला मिळत नाही.
तो हसला. पोरगा चांगला आहे.
मोबाइलवर काहीतरी टिपूनही घेतलं त्याने.

मी कधी प्यायलो नाही, पित्ताचा त्रास.
बायकोही सोडून गेली नाही.
रोज फोनवर विचारते, जेवलास का.
फक्त त्या मार्चनंतर
तिने माझ्या खाकीला इस्त्री केली नाही.
धुवायची, वाळवायची,
सुरकुत्यांसकट घडी घालून ठेवायची.
मी विचारलं नाही.
तिनेही नाही.

रात्री अडीचला गोदामाचा पत्रा निवतो,
आकसताना कडकड बोलतो.
मी उठून ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी जाऊन बसतो.
टेबल खोटं, टेलिफोनला वायर नाही.
रजिस्टर तेवढं खरं,
लाल कापडी पाठीचं, आत पानं कोरी.
तीन रात्री नुसता बसलो.
चौथ्या रात्री खिशातलं पेन काढलं.

वेळ दोन चाळीस.
रोशन पांडुरंग तांडेल, वय एकोणीस,
होडीचं इंजिन चोरल्याचा संशय.
पाणी मागितलं. दोनदा मागितलं.
छातीत कळ वगैरे आली नव्हती.
दवाखान्यात नेला तेव्हा अंग गार होतं.
डायरीत वेळ चार दहा घातली.
सांगणारे मोठे साहेब.
अक्षर माझं.

खाली सही केली, सवयीने.
बक्कल नंबरसुद्धा.

सकाळी सिजोने पान उघडून डोळे बारीक केले.
हिंदीच त्याला मोडकीतोडकी येते,
माझं पोलिसी अक्षर कुठून लागणार!
"सुपर, अंकल. एकदम ओरिजिनल.
क्लोजअपला चालेल.
अजून दहा पानं भरून द्या,
पानामागे पाच दिरहम."

ड्युटी संपली होती.
तरी गेटवर येऊन बसलो पंख्याखाली,
आणि बावीस वर्षं बोटांवर मोजायला घेतली,
दहा पानांत बसतात का बघत.